तपकिरी पाण्याचा हंगाम

स्वालबार्डला माणसं अस्वल बघायला जातात. लाँगइयरब्येनच्या विमानतळावर सामानाच्या सरकत्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर अस्वल, दुकानातल्या मगांवर अस्वल, मोज्यांवर अस्वल. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक बाळगणारा वाटाड्या बरोबर घ्यायचा, असा इथला शिरस्ता. मीही त्याच ओढीने गेले होते. अस्वल काही दिसलं नाही. दिसलं ते तपकिरी पाणी, आणि मग अस्वलाची आठवणही फारशी झाली नाही.

हे गाव उत्तर अक्षांश 78 अंशांवर आहे. मुंबई 19 वर. नॉर्वेची मुख्य भूमी संपते, मग मोकळा समुद्र, आणि त्या समुद्रात उत्तर ध्रुवाच्या साधारण निम्म्या वाटेवर हा द्वीपसमूह. वस्ती सुमारे 2,500. रंगीत लाकडी घरं, मागे सपाट माथ्याचे डोंगर आणि डोंगरांच्या अंगावर जुन्या कोळसा खाणींचे लाकडी सांगाडे. हॉटेलात आणि संग्रहालयात दारातच बूट काढायचे. खाणकामगारांच्या बुटांबरोबर काळी धूळ आत येऊ नये म्हणून पडलेली ही रीत खाणी गेल्या तरी टिकली आहे. आपल्याला यात शिकण्यासारखं काही नाही, पण युरोपातल्या पाहुण्यांची फाटक्या मोज्यांपायी उडणारी तारांबळ बघायला मजा येते. रस्त्याच्या कडेने आखूड पायांचे रेनडिअर चरत असतात. त्यांना कुणी हटकत नाही, आणि तेही कुणाकडे बघत नाहीत.

मे महिना नुकताच लागला होता, आणि सूर्य मावळत नव्हता. 20 एप्रिलच्या आसपास तो क्षितिजाखाली जायचं थांबवतो, ते थेट 23 ऑगस्टच्या सुमारापर्यंत. मध्यरात्री तो उत्तरेला असतो, सकाळी पूर्वेला, आणि दिवसभरात आभाळाला प्रदक्षिणा घालून पुन्हा उत्तरेला येतो. खिडकीला जाड काळे पडदे असतात, तरी रात्री दोन वाजता फटीतून आलेलं ऊन उशीवर पडतं. घड्याळाकडे बघूनच जेवायचं आणि घड्याळाकडे बघूनच झोपायचं.

या उजेडाची किंमत गावाने आधीच चुकती केलेली असते. ऑक्टोबर संपता संपता गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत तर भर दुपारीही धड संधिप्रकाश नसतो. माणसं कपाळावर दिवा बांधून कामाला जातात. सूर्य परतला तरी डोंगर आडवे येतात, त्यामुळे गावात पहिलं ऊन पडतं ते 8 मार्चच्या सुमारास. ते जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांवर येतं. तेव्हा सारं गाव तिथे गोळा होतं, आणि पोरं सूर्याला मोठ्याने हाका मारतात. माणसांनी अशा अंधाराशी जमवून घेतलं, त्यात नवल मोठं नाही. त्यांच्याकडे वीज आहे, चरबी आहे, विमानाने येणाऱ्या भाज्या आहेत. नवल आहे ते ज्यांचं पोटच उजेडावर चालतं त्यांचं.

इथल्या विद्यापीठ केंद्राची इमारत तांब्याच्या पत्र्याने मढवलेली आहे. तिथली संशोधक मंडळी वर्षभर, अंधारातसुद्धा, जवळच्या खाडीत जाऊन पाण्याचे नमुने आणतात. त्यांच्या अशाच एका फेरीला मला पाहुणी म्हणून बसू दिलं. अंगात फुगीर, पाण्यावर तरंगवणारा सूट, त्यावर हातमोजे, त्यावर आणखी हातमोजे. उघडी बोट. ही खाडी अ‍ॅडव्हेंटफ्योर्ड. ती पुढे इसफ्योर्ड नावाच्या विशाल फ्योर्डला मिळते, आणि इसफ्योर्ड खुल्या समुद्राला. पाण्याचं तापमान शून्याच्या आसपास. हवा इतकी स्वच्छ की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हिमनदीतल्या भेगा मोजता याव्यात. अशा ठिकाणी पाणीही काचेइतकं नितळ असेल, हे गृहीतच धरलेलं असतं.

बोट थांबली तेव्हा खाली बघितलं, तर पाणी गढूळ, हिरवट तपकिरी. कुठे नाला मिळालेला नाही, गाळ वाहून आलेला नाही. बर्फ अजून वितळायलाही लागला नव्हता. बरोबरच्या संशोधक मुलीने दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडली. ही युक्ती जुनी आहे. 1865 मध्ये अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलज्ञाने पोपच्या जहाजावरून तबकड्या सोडून भूमध्य समुद्राची पारदर्शकता मोजली, तेव्हापासून जगभरची बोटवाली मंडळी तेच करतात. आमची तबकडी थोडक्यातच दिसेनाशी झाली. "जानेवारीत हीच तबकडी खूप खोल जाईपर्यंत दिसली असती," ती म्हणाली, आणि लगेच हसून, "म्हणजे, बघायला उजेड असता तर."

मग जाळं आलं. रेशमासारखं बारीक, भोकं मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाची. ते वर ओढलं तेव्हा त्याच्या तळाच्या बाटलीत तपकिरी, किंचित बुळबुळीत चिखल साचला होता. वास समुद्राचाच, पण चांगलाच उग्र. तो चिखल नव्हता. ते वनस्पतिप्लवक होतं. त्यातलं बहुतेक सगळं डायाटम.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्या चिखलाचा एक थेंब ठेवला आणि काचेची एक नगरी उघडली. प्रत्येक डायाटम एकपेशीय, आणि प्रत्येकाभोवती सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, कवच. थॅलॅसिओसिराच्या गोल चपट्या पेशी एका धाग्याला धरून रांगेत उभ्या. कीटोसेरोसच्या पेशींना लांब काटे, काट्यात काटे अडकून झालेले झुबके. फ्रॅजिलॅरिओप्सिसच्या अरुंद पेशी कुशीला कूस लावून पट्टीच्या पट्टी झालेल्या. आणि प्रत्येक पेशीत सोनेरी तपकिरी ठिपके. तेच त्यांचं स्वयंपाकघर, प्रकाशसंश्लेषणाची जागा. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्रातल्या अशा जिवांचा आहे. उरलेला निम्मा जमिनीवरची सगळी रानं, कुरणं आणि शेतं मिळून उचलतात. वजनाने मात्र हे प्लवक जगातल्या वनस्पतींच्या एक टक्क्याच्या आसपास भरेल. इतकं थोडकं भांडवल इतकं फिरतं, कारण ते सतत खाल्लं जातं आणि सतत नव्याने उभं राहतं.

थेंबाकडे बघता बघता मनात आलेला प्रश्न साधा होता. जानेवारीत हे सगळे कुठे होते?

फार वर्षं याचं उत्तर असं दिलं जाई, की ध्रुवीय रात्रीत समुद्र झोपतो. उजेड नाही, तर वनस्पतींना काम नाही. त्या मरतात किंवा तळाशी जाऊन पडतात, आणि वसंतात सगळं पुन्हा सुरू होतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण गेल्या काही वर्षांत माणसं डोक्याला दिवे बांधून भर अंधारात बोटी घेऊन निघाली, आणि चित्र पालटलं. 78 अंश उत्तरेला ध्रुवीय रात्रीतून उचललेल्या पाण्यात नाना जातींचं जिवंत प्लवक सापडलं. संख्येने विरळ, पण जिवंत. त्याला प्रयोगशाळेत उजेड दाखवला, तेव्हा 20 मिनिटांच्या आत त्याच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत फरक दिसू लागला, आणि 24 तासांनी ते जोमाने कार्बन बांधत होतं. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. महिनोन्‌महिने ज्यांनी सूर्य पाहिला नव्हता, त्यांना सुरुवात करायला एक दिवस पुरला.

यातली मेख अशी की अंधारात यंत्रणा मोडून टाकणं पेशीला परवडलं असतं. हरितद्रव्य आणि त्याच्याभोवतीची प्रथिनं सांभाळायला ऊर्जा लागते, आणि उत्पन्न तर शून्य. शरदात साठवलेली चरबी आणि शर्करा जपून जपून वापरायची, श्वसन अगदी मंद करायचं, आणि तरीही मुख्य यंत्रणा मोडायची नाही. हे डायाटम तेच करतात. काही जाती याच्याही पुढे जातात. त्या जाड कवचाचे सुप्त बीजाणू बनतात आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतात. हिवाळी वादळांनी आणि थंडीने पाणी तळापर्यंत घुसळलं गेलं की ते पुन्हा वर येतात. असे किती काळ टिकतात ते? डेन्मार्कमधल्या एका फ्योर्डच्या चिखलातून शंभर वर्षांहून जुने डायाटमचे बीजाणू उगवून आल्याचं 2011 मध्ये दाखवलं गेलं आहे.

हे ऐकलं तेव्हा समोर खिडकीबाहेर विमानतळामागचा डोंगर दिसत होता. त्याच्या पोटात जगातली बियाण्यांची तिजोरी आहे. 2008 मध्ये ती सुरू झाली. उणे 18 अंशांवर देशोदेशीचं धान्य आणि कडधान्यांचं बियाणं ठेवलेलं, भारतातूनही गेलेलं. पर्यटकाला दारापाशीच थांबावं लागतं. माणसांनी खर्च करून, करार करून, पोलादी दारं लावून डोंगरात जे केलं, तेच खाली फ्योर्डच्या चिखलात कुणी न सांगता चाललेलं आहे, आणि फरक एवढाच की ही तिजोरी दर वसंतात उघडते.

किती कमी उजेडात हे सुरू होतं, याचाही आता अंदाज आला आहे. 2019 च्या शरदात 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज मुद्दाम ध्रुवीय बर्फात अडकवून घेण्यात आलं. वर्षभर ते बर्फाबरोबर वाहत राहिलं. मार्चअखेरीस, सूर्य क्षितिजाशी नुकता आला असताना, बर्फ आणि बर्फावर साचलेल्या हिमाच्या खाली, जिथे माणसाच्या डोळ्याला काळोखच वाटेल, तिथे प्लवक वाढायला लागलं होतं. क्लारा होप्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये त्याचे आकडे मांडले. तो उजेड भर उन्हाच्या सुमारे पन्नास हजाराव्या हिश्शाइतका होता. याच्या फार खाली प्रकाशसंश्लेषण चालूच शकत नाही, असं सैद्धांतिक गणित सांगतं. म्हणजे हे जीव जवळपास त्या काठावर उभे राहून धंदा सुरू करतात.

एवढ्याशा उजेडावर कसं भागतं, याचं उत्तर त्या सोनेरी तपकिरी रंगात आहे. पाणी तांबडा उजेड वरच्यावर गिळतं. खोल जातो तो निळा-हिरवा. हिरव्या झाडांचं हरितद्रव्य नेमका हिरवा उजेड फारसा घेत नाही. डायाटममध्ये त्याच्या जोडीला फ्युकोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते निळा-हिरवा उजेड टिपतं, आणि त्याच्यामुळेच आमचं पाणी तपकिरी दिसत होतं. शिवाय उजेड कमी झाला की पेशी ही रंगद्रव्यं वाढवते. पाऊस भुरभुरता असला की कोकणातल्या घरात पागोळ्यांखाली असतील नसतील तेवढी भांडी मांडतात, आणि धो धो कोसळायला लागला की त्यातली निम्मी उचलून आत ठेवतात; पेशीचा व्यवहार त्याच हिशेबाने चालतो. मंद उजेडात पेशी गडद होते, भरपूर उजेडात फिकी. हा बदल व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात.

पण फ्योर्डमध्ये एवढा वेळ मिळतोच असं नाही. प्लवकाला पोहून जागा बदलता येत नाही. पाणी नेईल तिकडे जायचं. वारा सुटला की एकच पेशी थोड्या वेळात खोल काळोखातून वर भर उन्हात येते, आणि मे महिन्यातलं इथलं ऊन बर्फावरून परतून दुप्पट तिखट लागतं. मंद उजेडासाठी उघडलेल्या यंत्रणेवर एकदम इतका उजेड पडला तर ती जळते. यावर डायाटमकडे तोडगा आहे. त्यांच्यातलं एक रंगद्रव्य, डायाडिनोझँथिन, काही मिनिटांत रूप बदलून डायाटोझँथिन होतं, आणि पेशी जास्तीचा उजेड प्रकाशसंश्लेषणाकडे न नेता उष्णता म्हणून सोडून देऊ लागते. पुन्हा खोल गेली की पुन्हा उलटा बदल. हे ऐकल्यावर थेंबातले ते ठिपके मला निवांत दिसेनात. एकाच पेशीत मिनिटांचा हिशेब वेगळा चाललेला, दिवसांचा वेगळा, आणि महिन्यांच्या अंधाराची तरतूद तिसरीच.

गंमत अशी की हंगाम भरात आला की उजेड पुन्हा कमी होतो, आणि त्याला कारण ते स्वतःच. वरच्या थरात पेशींची इतकी दाटी होते की खालच्यांना दुपारीही संध्याकाळ. आमची तबकडी त्या दाटीतच दिसेनाशी झाली होती. मग खालच्यांनी पुन्हा गडद व्हायचं.

मग आणखी एक शंका उरते. उजेड मार्चमध्येच येतो, प्लवक तर एका दिवसात तयार असतं, तरी पाणी तपकिरी व्हायला एप्रिल संपावा का लागतो? याचं एक प्रसिद्ध उत्तर एका नॉर्वेजियन माणसाने दिलं. हाराल्ड स्वेर्ड्रुप हे अमुंडसेनच्या 'माउड' मोहिमेत शास्त्रज्ञ म्हणून आर्क्टिकमध्ये वर्षानुवर्षं राहिले, पुढे कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे संचालक झाले आणि शेवटी मायदेशी येऊन नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचे प्रमुख झाले. 1953 मध्ये त्यांनी नॉर्वेजियन समुद्रात उभ्या असलेल्या हवामान-जहाजावरच्या नोंदी घेऊन मांडलं, की प्रश्न फक्त उजेडाचा नाही, पाणी किती खोलवर घुसळलं जातंय याचा आहे. हिवाळ्यात थंड, जड झालेलं पाणी खोलपर्यंत उलथापालथ करत राहतं, आणि पेशीचा बराच वेळ तळच्या अंधारात जातो. तिथे ती जेवढं खर्च करते तेवढं वरच्या उजेडातल्या फेऱ्यांत कमावत नाही. घुसळण एका ठरावीक खोलीच्या वर आली की जमाखर्च फिरतो आणि बहर फुटतो. या मांडणीवर पुढे बरेच वाद झाले. खाणाऱ्यांचा हिशेब धरायला हवा, असं म्हणणारे निघाले. बहराची सुरुवात हिवाळ्यातच शोधायला हवी, असंही कुणी दाखवलं. तरी उजेड आणि खोली यांचा मेळ बघायचा, ही दृष्टी त्यांनी दिली ती टिकली आहे.

त्याच घुसळणीचा दुसरा पैलू असा की ती जेवणही वर आणते. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे क्षार खोल पाण्यात साठतात. उजेड वर, खत खाली, हे समुद्रातल्या वनस्पतीचं जन्माचं दुखणं. हिवाळ्यात सारं पाणी ढवळून निघतं, आणि वसंत येतो तेव्हा वरचा थर भरलेला असतो. मग तो रिकामा व्हायला फार दिवस लागत नाहीत. दोन-तीन आठवड्यांची जोरदार वाढ, आणि नायट्रेट संपतं.

आपल्याकडे हे गणित उलटं आहे. गोव्यासमोरच्या समुद्रात बारा महिने सूर्य असतो, पण वर्षातला बराच काळ वरचं पाणी गरम, हलकं आणि उपाशी असतं. मोसमी वारे सुरू झाले की किनाऱ्याजवळ खालचं थंड, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं, आणि प्लवकाचा बहर येतो. तिथे सुगी पावसाच्या हंगामाशी बांधलेली, इथे सूर्याच्या. हा फरक गोव्यात बसून अभ्यासणारी माणसं आहेत. वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे ठाणं लाँगइयरब्येनपासून विमानाने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या नी-ऑलेसुंडला 2008 पासून आहे. 1962 च्या खाण-अपघातात 21 माणसं गेली, त्यानंतर खाण बंद झाली, आणि आता ते गाव निव्वळ शास्त्रज्ञांचं झालं आहे. तिथे मोबाइल आणि वायफायसुद्धा बंद ठेवावे लागतात, कारण जवळच रेडिओ दुर्बिणी आहेत. समोरच्या काँग्सफ्योर्डमध्ये भारताने 2014 च्या जुलैत 192 मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही वेधशाळा बसवली, आणि 2023 च्या डिसेंबरपासून हिमाद्रीत हिवाळ्यातही माणसं राहू लागली. अंधारातला समुद्र झोपत नाही, हे कळल्यावर हिवाळ्यात तिथे असणं गरजेचंच होतं.

पुन्हा आमच्या फ्योर्डकडे. सगळे क्षार एकदम संपत नाहीत. डायाटमला कवचासाठी सिलिकेट लागतं, आणि ते संपत आलं की त्यांची गाडी अडते. बर्गनच्या फ्योर्डमध्ये मोठ्या पिशव्या पाण्यात सोडून केलेल्या प्रयोगांतून 1992 मध्ये दिसलं, की लिटरमागे सिलिकेट सुमारे 2 मायक्रोमोलच्या वर असेल तर डायाटम सरस ठरतात. त्याखाली गेलं की दुसऱ्यांना मोकळं रान. इथे बहुधा ती संधी फिओसिस्टिस घेतो. कवच नाही, काचेचा खर्च नाही. त्याच्या पेशी बुळबुळीत थरात एकत्र राहतात आणि जाळी चिकट करून सोडतात. आमच्या बाटलीतला तो उग्र वास त्याचाच होता. तोवर डायाटमची काही मंडळी बीजाणू होऊन तळाकडे निघालेली असतात. उपासमार ओळखून वेळेत निघणं हाही त्यांच्या तयारीचाच भाग.

जून-जुलैमध्ये बर्फ वितळून गोड्या पाण्याचा पातळ थर वर पसरतो आणि खालचे क्षार खालीच अडकतात. आता उजेड चोवीस तास, आणि खायला काही नाही. अशा वेळी राज्य करतात ते अगदी छोटे. मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाच्या मायक्रोमोनाससारखे जीव. आकार लहान म्हणून आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि विरळ पाण्यातूनही क्षारांचे कण शोषून घेणं त्यांना जमतं. काही तर उजेडातून ऊर्जा मिळवता मिळवता जिवाणूही गिळतात. वनस्पती की प्राणी, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो वर्गीकरण करणाऱ्यांना पडतो.

या सगळ्याचा धनी दुसराच असतो. बहराच्या वेळी नेमकी समुद्रातल्या कॅलॅनस कोपेपॉडांची पिल्लावळ बाहेर पडते. काही मिलिमीटरचा हा प्राणी डायाटम खाऊन अंगात तेल भरतो. त्याला छोटे ऑक पक्षी खातात, मासे खातात. माशांना सील, आणि सीलला अस्वल. माझ्या राहत्या घरापलीकडच्या उतारावर हजारो ऑक चिवचिवाट करत होते. तो सगळा गोंधळ अखेर तपकिरी पाण्यावर उभा होता. बहर आठवडाभर आधी आला आणि पिलं आठवडाभर उशिरा आली, तर ही साखळी मधेच तुटते.

आणि तारखा हलायला लागल्या आहेत. 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. इसफ्योर्डमध्ये 2006 पासून उबदार अटलांटिक पाण्याचा शिरकाव वाढला. जिथे माणसं बर्फावरून स्लेज हाकायची तिथे आता बरेच हिवाळे पाणीच असतं. बर्फ नसेल तर उजेड लवकर पोचतो, हे प्लवकाच्या पथ्यावर पडेल असं वाटतं. पण त्याच तापण्याने उन्हाळ्यात हिमनद्या आणि ओढे गाळ ओततात; जुलैत हीच खाडी खरोखरीच्या चिखलाने गढूळ होते आणि उजेड काही मीटरांतच अडतो. गोड्या पाण्याचा थर जाड झाला तर खालचे क्षार आणखी घट्ट अडकतात. उलट, समुद्रात बुडालेल्या हिमनदीच्या मुखाशी वितळलेलं पाणी तळातून उसळताना क्षार वर आणतं. ती हिमनदी मागे सरून जमिनीवर गेली की हा पंप बंद. आर्क्टिकच्या काही भागांत बर्फ उशिरा धरू लागल्याने शरदात दुसरा बहर दिसू लागला आहे, आणि तो सूर्याच्या मावळण्याशी शर्यत लावतो.

एक गोष्ट मात्र हलणार नाही. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे तोवर सूर्य इथे ऑक्टोबरअखेरीला जाईल आणि फेब्रुवारीत येईल. उजेडाचं वेळापत्रक कायम, आणि बर्फाचं, क्षारांचं, गाळाचं वेळापत्रक त्याच्यापासून सुटत चाललेलं. हे दोन्ही एकत्र वाचून वागायचं, एवढंच प्लवकाचं काम आहे. त्याबाबतीत त्याला एक मोठा फायदा आहे. बहरात डायाटमची पेशी दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. एका वसंतात कित्येक पिढ्या होऊन जातात, आणि जी जात नव्या उजेडाला, नव्या उपासाला साजेशी आहे तिचीच संख्या वाढते. मादी अस्वल तीन वर्षांतून एकदा विते, तीही एक-दोन पिल्लं. फ्योर्ड बदलेल तसं तिथलं प्लवक बदलत जाईल. कदाचित जाती वेगळ्या असतील, कदाचित पाणी मेऐवजी एप्रिलात तपकिरी होईल. पाट्यांवर, मगांवर आणि विमानतळावर जे दाखवतात त्याच्याकडे एवढ्या पिढ्या नाहीत.